गोरक्षनाथच्या गुडघ्यांचं तेल

पारनेर
२० एप्रिल २०२४

उझ्मा बेटी, दुआ.

तुझा फोन आलेला तेव्हा तुझ्या मुमानीनं तो माझ्या कानाला लावला, पण मला त्यातलं 'हॅलो' आणि 'ठेवते' एवढंच कळलं. तीस वर्षं मोटारींच्या घरघरीत बसून कान गेले. म्हणून पत्र लिहितोय. पोस्टमन म्हणाला, "दिलावरभाई, खुशालीचं पत्र कसं असतं तेच मी विसरलो हुतो, नुसती आधार कार्डं वाटतोय."

उन्हाळा लई कडक हाय. बोअर तळाला गेले. लोक कोरडीच मोटार चालवतात आणि जळाली की माझ्या दारात आणून टाकतात. नऊ मोटारी रांगेत हायत, आणि नेमका आत्ताच माझ्या बोटांनी दगा दिला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं सकाळी वाकतच न्हाईत. जळालेली तार काढून नवी तांब्याची तार खाचेत एकेक करून बसवायची, म्हणजे मोटार भरायची, हे काम बोटांचं हाय, पान्याचं न्हाई. एका मोटारीला दीड दिवस लागायचा, आता चार लागतात. बोटं थांबली की दुकान थांबलं. आणि दुकान थांबल्यावर मी दिवसभर करू काय, ह्या विचारानंच मला धस्स होतं. दुसरं काही येत न्हाई मला.

दुखण्याची गोळी घ्यावी तर ती मला बंद. छातीतली झडप बदलली त्याला तेरा वर्षं झाली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू हाय. त्यावर दुखण्याची गोळी खाल्ली तर आतल्या आत रक्त वाहील, असा नगरच्या डॉक्टरनं दम दिलाय. म्हणून गरम पाण्यात हात बुडवून बसतो.

ते जाऊ दे. पत्राचं कारण वेगळं. शेजारचा वेल्डिंगवाला गोरक्षनाथ, त्याचे गुडघे गेलेत. त्याच्या जावयानं मोबाईलवरून एक तेल मागवून दिलंय, जिभेखाली थेंब टाकायचं. बाटलीवर पानाचं चित्र हाय. तुझी मुमानी चित्र बघून म्हणाली, "ही तर अंबाडी, ह्याची भाजी करायची सोडून तेल कशाला काढलं?" मी चष्मा लावून वाचलं तर 'विजया' लिहिलेलं. म्हणजे भांगच ना? तू तिकडं हिमाचलात, प्रयोगशाळेत, त्याच झाडावर काम करतीस असं तुझ्या अम्मीनं मला एकदा हळूच सांगितलं हुतं. बाकीच्यांना ती जडीबुटी सांगती.

तर गोरक्षनाथसाठी विचारतोय. त्या झाडात असतं काय? नशा कशानं चढती? आणि त्यानं दुखणं कसं काय थांबतं? मी दहावी पास हाय, पण मोटार का फिरते ते मला इंजिनियरपेक्षा बरं कळतं. त्या बेतानं सांग.

तुझा मामू
दिलावर


पालमपूर
१ मे २०२४

प्रिय मामू, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आमच्या घरात आजवर एकानेही मला विचारलं नाही की तू दिवसभर तिथे करतेस काय. अम्मी 'जेवलीस का' विचारते, अब्बा 'थंडी आहे का' विचारतात, आणि झाडाचा विषय निघाला की दोघेही गप्प. त्यामुळे आता उत्तर लांबलं तर सोसा.

आधी मुमानींना सांगा, चूक त्यांची एकटीची नाही. अंबाडीचं पान भांगेसारखं दिसतं म्हणूनच अंबाडीचं शास्त्रीय नाव भांगेवरून पडलंय. पण नातं काही नाही, ती भेंडीच्या कुळातली. खुशाल भाजी करा.

भांगेच्या मादी झाडाच्या फुलांवर काचेसारखे बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. भिंगाखाली पाहिलं की मला अजूनही नजर काढवत नाही. त्या थेंबांत शंभरावर द्रव्यं आहेत. त्यांतली दोन मुख्य, टीएचसी आणि सीबीडी. कच्च्या पाल्यात ती अर्धवट अवस्थेत असतात, उष्णता लागली की पूर्ण होतात. तुम्ही वार्निश लावलेली मोटार भट्टीत ठेवता, त्याशिवाय वार्निश पक्कं होत नाही, त्यातलाच प्रकार.

आता नशा. आपल्या मेंदूतल्या पेशींवर सॉकेट आहेत असं समजा. टीएचसी त्यात प्लगसारखं बसतं. मग भूक खवळते, तोंड कोरडं पडतं, पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात, आत्ता काय बोललो ते आठवत नाही. कुणाला हसू येतं, कुणाला भीतीने दरदरून घाम फुटतो. सीबीडी त्या सॉकेटमध्ये नीट बसतच नाही, म्हणून त्याची तशी नशा चढत नाही. आणि ही सॉकेट काही भांगेसाठी केलेली नाहीत. शरीर स्वतःच तसं एक द्रव्य तयार करतं. शोधणाऱ्यांनी आपला 'आनंद' हा शब्द घेऊन त्याला आनंदामाइड नाव दिलं. दुखणं, भूक, झोप कमीजास्त करायला शरीर ते वापरतं. भांगेतली द्रव्यं त्याच कारभारात लुडबुड करतात.

पण खरं ते सांगते. लहान मुलांच्या काही अवघड फिट सीबीडीने कमी होतात याचे पुरावे चांगले आहेत. गुडघ्यांसाठी पुरावा फारच लंगडा आहे. काकांना म्हणावं, थेंब घेतल्यावर वेल्डिंगला बसू नका, झोप येते. आणि त्यांना दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारून मला नक्की कळवा.

तुमची बोटं कशी आहेत?

उझ्मा


पारनेर
१२ मे २०२४

उझ्मा बेटी, दुआ.

तुझं पत्र दुकानातल्या फळीवर ठेवलंय, गिऱ्हाईक नसलं की वाचतो. सॉकेटचं लई पटलं. इतकी वर्षं लोक 'चढली, चढली' म्हणतात, पण चढते कुठं, ते आज कळलं.

गोरक्षनाथला साखरेची एक गोळी हाय, बाकी काही न्हाई. पण त्यानं तेल सोडलं. चार दिवस थेंब घेतले आणि चारही दिवस झोपून राहिला. बायकोनं गेट जोडायचं सांगितलं तर म्हणतो, "उद्या बघू." ती म्हणाली, त्यापेक्षा गुडघे दुखलेले बरे, निदान माणूस जागा तरी राहतो.

माझी बोटं बरी हायत. ह्या आठवड्यात चार मोटारी भरल्या. गरम पाण्याला गुण आला म्हणायचं. नगरला रक्त तपासून आलो. रक्त किती पातळ हाय त्याचा माझा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे पाहिजे, तो चार आला. डॉक्टरनं गोळी थोडी कमी केली. उन्हाळ्यानं झालं असंल.

आता मला दोन गोष्टी सांग. एक म्हणजे झाड हे कुणासाठी करतं? बाभळीला काटा का, ते कळतं, शेळीनं ओरबाडू नये म्हणून. भांगेनं हा सगळा उद्योग माणसाला हसवायला तर केला नसंल. माणूस नव्हता तेव्हाही झाड हुतंच की. दुसरी गोष्ट, त्या बाटलीवर सीबीडीच जास्त लिहिलंय, आणि तू म्हणतीस सीबीडीला सॉकेट न्हाई. मग ते पोटात गेलं, अंगात फिरलं आणि निघून गेलं. जोडणीच कुठं न्हाई तर बिघाड कशाचा व्हायचा? बरोबर ना?

हे नुसतं आपलं डोकं चाललं म्हणून विचारतोय.

मामू


पालमपूर
२३ मे २०२४

प्रिय मामू, सलाम.

'झाड हे कुणासाठी करतं' हा प्रश्न मी परवा प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांना तुमच्या नावाने विचारला. ते म्हणाले, तुझ्या मामूंना इथे आणून बसव. खरं उत्तर असं की पक्कं कुणालाच माहीत नाही. पान कुरतडणाऱ्या किडीला तो चिकट थेंब नकोसा होतो, हे एक. उन्हाच्या झळांपासून फुलाला आडोसा होत असावा, हे दुसरं. आपल्या मेंदूत ते बसतं हा निव्वळ योगायोग. झाडाला आपली खबरही नाही. मला हे आठवतं तेव्हा फार बरं वाटतं, का ते सांगता येत नाही.

इथे रस्त्याच्या कडेला भांग गवतासारखी उगवते. सकाळी कामावर जाताना हात लागला तर बोटांना वास राहतो.

सीबीडीचं तुम्ही म्हणता ते साधारण बरोबर. अगदी तितकं सरळ नाही, पण नशेपुरतं तसंच समजा.

बोटं बरी झाली हे वाचून जीव भांड्यात पडला. गरम पाणी चालू ठेवा. आकड्याचं म्हणाल तर तो खाण्याने सुद्धा हलतो. पालेभाज्या जास्त खाल्ल्या की उतरतो, कमी खाल्ल्या की चढतो. उन्हाळ्यात तुमच्याकडे पालेभाजी कमी मिळते, त्यानेही चढला असेल.

पुढचे प्रश्न पाठवा. मी वाट पाहते.

उझ्मा


पारनेर
६ जून २०२४

उझ्मा,

मी मुबारकबी, तुझी मुमानी, लिहितीय. चवथी शिकलीय, चुकलंमाकलं वाचून घे. मामूला सांगू नको मी लिहिलं म्हनून.

तू शिकलेली पोरगी हायस, पन तू माझ्या नवऱ्याला कसला नाद लावलास गं? तुझी पत्रं आली का मानूस चार चार येळा वाचतोय. परवा दुकान झाडाया गेले तर ग्रीसच्या डब्यात तेलाची बाटली घावली. त्या पानाची. गोरक्षनाथची न्हवं, नवी कोरी. तिच्यामागं दोन रिकाम्या. आता मला सांग, गोरक्षनाथनं तर कवाच सोडलं. मग पितंय कोन?

ज्या मानसानं आयुष्यात बिडी वडली न्हाई, सुपारी तोंडात टाकली न्हाई, त्यो आता भांग घ्याया लागला. आनि कुटंतरी धडपडतोय बी. दंडावर काळंनिळं, मांडीवर तर ताटलीएवढा डाग. इचारलं तर म्हनतो मोटार लागली. रोज मोटार लागती का? दात घासताना हिरड्यातनं रगत येतं. काल नाकातनं आलं ते दुपारच्या नमाजपस्तोर थांबंना. मला म्हनतो, "मला पालक दे, शेपू दे, आकडा खाली येतो, उझ्मानं लिहिलंय." दोन वक्त नुसता पाला खातोय जनावरावानी. नगरला तपासाया जायाची तारीख गेली तरी गेला न्हाई.

नशेत पडून त्याला कायतरी हुयाच्या आत त्याचा नाद सोडव. त्यो माझं ऐकत न्हाई. तुझं ऐकतो, हेच माझं दुखनं हाय.

मुबारकबी


पालमपूर
१९ जून २०२४

मामू,

डॉक्टर म्हणाले, तुम्ही आता बसून वाचू शकता. म्हणून हे नगरला दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. त्या दिवशी फोनवर मी काय बोलत होते ते तुम्हाला ऐकू गेलं नाही, तर आता वाचा.

मुमानींचं पत्र मला १३ तारखेला दुपारी मिळालं. त्यांनी मला सांगितलं याचा राग धरू नका, नाहीतर मी तुमच्याशी बोलणार नाही. ते वाचत मी जिन्यात उभी होते आणि मांडीवरच्या डागापाशी आले तेव्हा कळलं, हे नशेचं नाही, रक्ताचं आहे. लगेच फोन लावला. मुमानी बाटलीचंच सांगत होत्या. मी म्हटलं, बाटली राहू द्या, मामूंची लघवी कसल्या रंगाची होतेय ते विचारा. त्या विचारून आल्या आणि म्हणाल्या, कालपासून काळ्या चहासारखी. मग गोरक्षनाथकाकांच्या टेम्पोतून तुम्हाला नगरला नेलं. आकडा आठच्या वर गेला होता, मामू. साडेतीनच्या जागी आठ. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेता का? तुम्ही म्हणालात, काही न्हाई. नाकात बोळे होते आणि तरी तुम्ही काही न्हाई म्हणालात. मी मुमानींच्या फोनवरून डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना पत्ता लागला. बकरी ईद तुम्ही वॉर्डात काढलीत आणि आम्ही इथे-तिथे रडून.

मला तुमचा भयंकर राग आलाय. त्याहून जास्त माझा. तुमच्या पहिल्याच पत्रात सगळं होतं. बोटं दुखतात, गोळी चालत नाही, तेलाचं काय. तुम्ही भांगेचं विचारलंत म्हणून मी इतकी हरखून गेले की माणूस बघायचं राहिलं. तुम्ही मुद्दाम विचारलंत, जोडणीच नाही तर बिघाड कशाचा, आणि मी लिहिलं 'साधारण बरोबर'. ते चूक होतं. वर पालेभाजीचंही मीच शिकवलं.

आता नीट सांगते. मेंदूत सॉकेट नसलं तरी प्रत्येक औषधाला शेवटी यकृतात जावंच लागतं. तिथे औषधं खोलून, मोडून बाहेर टाकायचं काम चालतं. तुमची रक्ताची गोळी मोडायला तिथे मुख्य कारागीर एकच आहे असं धरा. सीबीडी त्याच कारागिराला धरून बसतं. तो त्यात अडकला की रक्ताची गोळी मोडायची राहून जाते. तुम्ही रोज नवी गोळी घेता, जुनी आत शिल्लकच असते, आणि ती साठत जाते. गोळी तेवढीच, पण असर दुप्पट, तिप्पट. पाला खाऊन तुम्ही आकडा थोडा ओढून धरलात, त्यामुळे बिघाड कळायलाही उशीर झाला.

ही मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट आहे. परक्या माणसाने विचारलं असतं तर आधी हेच सांगितलं असतं.

किती थेंब घेत होतात? कधीपासून? मला सगळं खरं पाहिजे.

उझ्मा


पारनेर
१ जुलै २०२४

उझ्मा बेटी, दुआ.

घरी आलो. अशक्तपणा हाय, बाकी ठीक. आकडा तीनवर आला. तुझ्या मुमानीनं उरलेली बाटली संडासात ओतली आणि वर बादलीभर पाणी टाकलं. मला म्हणाली, "आता पत्र लिहायचं तर माझ्यासमोर बसून लिही." समोरच बसलीय, लसूण सोलतीय.

खरं सांगतो. गोरक्षनाथनं तेल सोडलं त्या दिवशी मी त्याची बाटली मागून घेतली. तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दोन दिवस आधी. सुरुवात चार थेंबांनी केली. तुझ्या पत्रात वाचलं की सीबीडीला सॉकेट न्हाई, म्हणून धीर आला. दहा केले. मग वीस, दिवसातून तीनदा. माझ्या धंद्यात तार कुठं टेकलीच न्हाई तर शॉर्ट होत न्हाई. तेच मी माझ्या अंगाला लावलं. त्या बिचाऱ्या कारागिराचा मला पत्ताच नव्हता. आणि माझ्या दुकानात मी स्वतः एकटाच कारागीर हाय, नऊ मोटारी दारात पडल्या की काय हुतं ते मला कुणी सांगायला नको. तू हे आधी सांगितलं असतंस तर मी एका मिनिटात समजलो असतो. न्हाई, तुला बोल लावत न्हाई. मी तुला गोरक्षनाथ पुढं करून विचारत हुतो. खोट्या माणसाचं दुखणं सांगितल्यावर खऱ्या माणसाचं औषध कुठून मिळणार?

डॉक्टरला का न्हाई सांगितलं, तेही लिहितो. वॉर्डात पंधरा माणसं, त्यातली चार पारनेरची. शेजारच्या खाटेवर आपल्या मशिदीतले चाचा. दिलावर भांगेचं तेल घेतो, हे त्यांच्या कानावर जायला नको, एवढंच त्या वेळी डोक्यात हुतं. मरायची भीती नंतर वाटली. शरमेची आधी वाटली. लाज वाटती लिहायला.

आता तू शास्त्रवाली हायस म्हणून एक आणखी खरं लिहितो, मुमानीला आवडंल की न आवडंल. पहिले पाच आठवडे माझी बोटं खरंच कमी दुखत हुती. तार खाचेत सरळ जात हुती. बारा मोटारी भरल्या मी. भजी जरा जास्त खाल्ली आणि एकदा भट्टी पेटवून तिच्यासमोर का बसलोय ते विसरलो, तेवढंच. रक्ताचं लिही, पण हे पण तुझ्या वहीत लिही. नुसतं एकच लिहिलंस तर ते अर्धं हुईल.

आणि मला हे सांग. माझ्यासारखे, झडपवाले, रक्ताची गोळी खाणारे, किती असतील? त्यांची पण बोटं, गुडघे दुखत असतीलच की. त्यांच्यासाठी तुमी कुणी काही बघताय का तिकडं?

मामू


पालमपूर
१२ जुलै २०२४

प्रिय मामू, सलाम.

तुमचं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. तुमचं नाव न घेता. त्यांनी तुमचा शेवटचा प्रश्न मला पुन्हा वाचायला लावला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. माझ्या माहितीत तरी तुमच्यासारख्यांसाठी असं काही कुणी बघत नाहीये. चाचणी घ्यायची तर आधी अशाच माणसांना बाजूला काढतात, ज्यांना रक्ताची गोळी चालू आहे, ज्यांना धोका आहे. आणि नेमकी तीच माणसं घरी बाटल्या मागवतात, कारण त्यांना दुखण्याची गोळी बंद असते. हे मला चार वर्षं इथे काम करून सुचलं नव्हतं.

बोटं कमी दुखली हे मी लिहून ठेवलंय. पण ते तेलाने की आशेने, हे मला ठरवता येणार नाही. त्यासाठी निम्म्या लोकांना नुसतं गोडं तेल द्यावं लागतं, कुणाला काय दिलं ते कुणालाच न सांगता. तुम्ही म्हणाल, ही फसवणूक झाली. थोडी आहेच. पण आधी सांगून करतात.

आता माझी एक विनंती. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना तुम्ही स्वतः, तुमच्या तोंडाने, सगळं सांगा. मी फोनवरून सांगितलं ते धरू नका. आणि बोटांचंही सांगा. ते गोळीशी न भांडणारं काहीतरी शोधतील, मलम, शेक, व्यायाम. कमी गुण येईल कदाचित. पण ते माहीत असलेलं असेल.

मुमानींना सांगा, त्यांच्या पत्रामुळे तुम्ही आहात. त्यांना वाटलं ते वेगळंच होतं, पण त्यांनी पाहिलं ते सगळं बरोबर होतं.

उझ्मा


पारनेर
२१ जुलै २०२४

उझ्मा बेटी, दुआ.

परवा नगरला जाऊन आलो. मुमानी बरोबर आली. तिचा आता माझ्यावर एकट्यानं बाहेर सोडण्याइतका भरवसा न्हाई.

तपासायला रक्त द्यायची रांग भिंतीला लागून असते, पंचवीस-तीस माणसं. खिडकीतली बाई प्रत्येकाला विचारती, नवीन काही औषध? आणि प्रत्येक माणूस म्हणतो, न्हाई. मी आजवर किती वेळा म्हणालो असेन. माझा नंबर आला. मागं बघितलं, पारनेरचं कुणी न्हाई असं वाटलं, मग लक्षात आलं की असलं तरी आता काय. मी म्हणालो, "भांगेच्या पाल्याचं तेल घेत हुतो, वीस थेंब, दिवसातून तीनदा. त्यानं माझा आकडा आठ झाला. आता बंद हाय." माझा आवाज तुला माहीत हाय, मला हळू बोलल्यासारखं वाटतं आणि पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. दोन पोरी हसल्या. मुमानीनं पदर डोक्यावर आणखी पुढं ओढला, पण माझा हात सोडला न्हाई.

आत डॉक्टरला पण सांगितलं. बोटांचं सांगितलं. त्यांनी मलम दिलंय आणि बोटांना रात्री बांधायची पट्टी दिलीय. तुला खरं सांगायचं तर अजून दुखतात. एका मोटारीला साडेतीन दिवस लागतात. मुमानी खाचेत कागद घालून देती आणि मी तार भरतो. तिचा हात चांगला बसलाय, पण मी तिला तसं सांगत न्हाई, लगेच मला शिकवायला लागंल.

सांगायचं ते पुढंच हाय. आमी बाहेर बाकावर चहा पीत बसलो हुतो. रांगेत माझ्यामागं एक म्हातारी उभी हुती. ती आली आणि मुमानीशेजारी टेकली. कडूबाई नाव, पाथर्डीकडची. तिची पण झडप बदललेली, नऊ वर्षं झाली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली, पाऊस, एसटी. मग पिशवीत हात घातला, रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मुमानीच्या मांडीवर ठेवलं. मला म्हणाली, "दादा, हे बी तसलंच हाय का वो? पोरानं गुडघ्यासाठी धाडलंय पुन्याहून. कुनाला सांगू नको म्हनला."

तीच बाटली. तेच पान. निम्मी संपलेली.

मुमानीनं तिला विचारलं, अंगावर डाग हायत का? तिनं आजूबाजूला बघितलं आणि लुगड्याचा काठ पोटरीपस्तोर वर केला. पोटरी सगळी जांभळी हुती. म्हणाली, म्हातारपनात कातडं पातळ हुतं म्हनून असंल.

आमी दोघांनी दोन बाजूंनी धरून तिला परत आत नेलं. रांग मोडली म्हणून लोक वरडत हुते. मला काही ऐकू येत नव्हतं. तिचा आकडा नऊ आला. तिला तिथंच ठेवून घेतलं, आणि तिचा पोरगा पुण्याहून येईस्तोवर आमी बसून राहिलो.

मामू